त्रयोदशीची पाऊणपट

पावसाळ्यात कोकणातल्या कुठल्याही व्हॉट्सॲप गटावर सकाळी सकाळी एक तक्ता येऊन पडतो. नद्यांची नावं, शेजारी इशारा पातळी, त्याशेजारी धोका पातळी आणि शेवटच्या रकान्यात आत्ताची पातळी. महाडची सावित्री : इशारा ६ मीटर, धोका साडेसहा. नागोठण्याची अंबा : इशारा ८, धोका ९. चिपळूणची वाशिष्ठी : इशारा ५, धोका ७. रोह्याची कुंडलिका : इशारा २३, धोका २३.९५.

इथं बोट अडतं. कुंडलिका तेवीस मीटर? म्हणजे सात मजली इमारत पोटात घेईल एवढी खोल? रोह्याच्या पुलावरून जिनं कधी नदी पाहिली आहे, ती व्यक्ती हसेल. आणि कोल्हापूरचा पाहुणा तर आणखीच गोंधळात पडेल, कारण त्याच्या पंचगंगेचा हिशेब फुटांत असतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे तिथल्या शाळकरी पोरालाही पाठ. मग सावित्री साडेसहा मीटरवर, म्हणजे जेमतेम एकवीस फुटांवरच धोकादायक कशी होते?

असे तक्ते मी वर्षानुवर्षं वाचले, पुढे ढकलले आणि विसरलो. त्यात मीटर लिहिलंय, पण ते मोजलंय कुठून, हा साधा प्रश्न फार उशिरा सुचला. सुचला तेव्हा मात्र त्याचं टोक धरून जे काही हाती लागत गेलं, त्यात चंद्र निघाला, घाटमाथ्यापलीकडचं धरण निघालं आणि आजोबांच्या पिढीचं एक तोंडी गणितही निघालं.

शून्य कुठं आहे?

नदीची पातळी मोजायची म्हणजे आधी एक शून्य ठरवावं लागतं. पुलाच्या खांबावर किंवा घाटाच्या पायऱ्यांवर रंगवलेली ती उंच पट्टी आपण पाहिलेली असते. तिच्या खालच्या टोकाचा बिंदू कुठं ठेवायचा, हे त्या त्या जागी एकदा ठरतं आणि मग कायम राहतं. कुठं ते नदीच्या तळाजवळ असतं, कुठं उन्हाळ्यातल्या पाण्याच्या पातळीला, तर कुठं थेट समुद्रसपाटीशी जोडलेलं. शून्य खाली गेलं की आकडा फुगतो, वर आलं की आक्रसतो. पाणी तेवढंच असतं.

म्हणून दोन नद्यांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून ‘हिची पातळी तिच्यापेक्षा जास्त’ असं म्हणण्याला अर्थ नाही. मुंबईचा पंचविसावा मजला आणि महाबळेश्वरचा तळमजला यांत उंच कोण, असं विचारण्यासारखं ते आहे. प्रत्येक आकडा आपल्याच पट्टीशी इमान राखून असतो. धोका पातळी म्हणजे तरी काय, तर त्या ठिकाणी, त्या पट्टीवर, अमुक खुणेच्या वर पाणी गेलं की वस्तीत, रस्त्यात, बाजारात शिरतं, हा अनुभवानं बसवलेला बिंदू. कुंडलिका २३ मीटर खोल नाही. तिची पट्टी दुसरीकडून मोजायला सुरुवात करते, इतकंच.

पट्टीवरचा आकडा वाचायला पूर्वी माणूस लागे, अजूनही लागतो. दिवसा ठीक, पण भर पावसात, रात्री दोन वाजता, पाण्यावर लाटा उसळत असताना बॅटरीच्या झोतात सेंटिमीटर वाचायचा म्हणजे काय ते कल्पनेनं पाहा. पाणी हलतं, पट्टीवर चिखल बसतो, वाहून आलेलं झाड नेमकं आकड्यासमोर अडकतं. यावर माणसानं फार जुना उपाय शोधला होता : नदीला एक शांत खोली बांधून द्यायची. काठाला विहीर खणायची, ती खालून बोगद्यानं नदीला जोडायची. नदीत कितीही खळखळ असो, विहिरीतलं पाणी तेवढ्याच उंचीवर, पण निवांत उभं राहतं. कैरोजवळच्या रोडा बेटावर इसवी सन ८६१ मध्ये बांधलेला नाइलमापक अगदी असाच आहे. बोगद्यांनी नाइलला जोडलेला खोल चौक, मधोमध अष्टकोनी संगमरवरी खांब आणि त्यावर हातांच्या खुणा. पाणी सोळा हातांपर्यंत चढलं की पीक चांगलं येणार, सारा वसूल होणार. खाली राहिलं तर दुष्काळ, फार वर गेलं तर पूर. एका खांबावर अख्ख्या देशाचा अर्थसंकल्प लिहिलेला.

तीच कल्पना पुढं समुद्राला लागू झाली. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासूनच्या भरती-ओहोटीच्या नोंदी आहेत. हिंदी महासागराच्या काठावर एवढ्या जुन्या नोंदी फारच थोड्या ठिकाणी सापडतात. विहिरीत तरंगणारा फ्लोट, त्याला बांधलेली तार, तारेच्या टोकाला पेन आणि घड्याळाच्या गतीनं फिरणारा कागदी ड्रम. समुद्र स्वतःच्या हातानं स्वतःची दैनंदिनी लिहितो, आपण फक्त कागद बदलायचा.

आता पुलाच्या कठड्याखाली एक छोटी पेटी टांगलेली दिसते. ती पाण्याला शिवतही नाही. ती खाली रेडिओलहरी सोडते आणि पाण्यावर आपटून परत आलेली लहर टिपते. लहर प्रकाशाच्या वेगानं, म्हणजे सेकंदाला तीन लाख किलोमीटरनं जाते. पाणी पेटीपासून दहा मीटर खाली असेल तर जाऊन-येऊन वीस मीटर अंतर कापायला तिला साधारण ६७ नॅनोसेकंद लागतात. एका सेकंदाचे शंभर कोटी तुकडे केले तर त्यातले सदुसष्ट. एवढ्याशा वेळातला फरक ओळखून ही पेटी सांगते की पाणी दोन सेंटिमीटर चढलं. डोळ्याची पापणी लवायला याहून लाखो पट जास्त वेळ लागतो.

उंचीवरून प्रवाह

पातळी कळली, पण पाणी किती चाललंय ते कळलं का? नाही. उंची ही उंची, प्रवाह वेगळा. प्रवाह मोजायचा तर पात्राची रुंदी, खोली आणि वेग तिन्ही हवेत. वेग तर तळाशी मंद, वर जास्त, काठाला रेंगाळणारा, मध्ये धावणारा. पण निसर्गात कधीकधी सोय असते. पृष्ठभागापासून खोलीच्या सहा दशांश खाली गेलात की तिथला वेग संपूर्ण उभ्या रेषेच्या सरासरीच्या अगदी जवळ असतो. म्हणून प्रवाह मोजणारे लोक वाट्यांचं चक्र असलेलं यंत्र नेमकं तेवढ्या खोलीवर सोडतात, चक्राचे फेरे मोजतात, आणि पात्राचे उभे काप करत पलीकडच्या काठापर्यंत जातात.

हे रोज करणं शक्य नसतं. पुरात तर अशक्यच. म्हणून वेगवेगळ्या पातळ्यांना एकेकदा प्रवाह मोजून ठेवतात आणि त्यांची वक्ररेषा काढतात. मग नुसती पातळी पाहिली की प्रवाह वाचता येतो. या वक्ररेषेचा स्वभाव लक्षात ठेवण्यासारखा आहे. रुंद, सपाट तळाच्या पात्रात पाण्याची उंची दुप्पट झाली की प्रवाह तिपटीहून थोडा जास्त होतो, कारण पाणी खोल झालं की त्याला घर्षण कमी जाणवतं आणि ते पळतंही जास्त. म्हणूनच ‘काल तीन मीटर होती, आज सहा आहे, म्हणजे दुप्पटच झाली’ हा हिशेब फसवा.

देशावरच्या नदीला ही वक्ररेषा बऱ्यापैकी लागू पडते. कोकणात, खाडीच्या तोंडाशी आलेल्या गावात मात्र ती हात टेकते. तिथं पाणी उंच असण्याची कारणं दोन : एक तर वरून खूप येतंय, नाही तर खालून जायला वाट नाही. पट्टी दोन्ही वेळा तोच आकडा दाखवते. भरलेली बादली नळ सोडल्यामुळं भरली की भोकाला बोळा लावल्यामुळं, हे नुसती पातळी पाहून सांगता येत नाही.

चिपळूण अशा गावांपैकी एक.

तीन पाणी

वाशिष्ठी सह्याद्रीत उगम पावते, चिपळूणला शिवनदीचं पाणी पोटात घेते आणि दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. समुद्र गावापासून चाळीसेक किलोमीटर लांब, तरी गोवळकोटच्या धक्क्यावर पाणी दिवसातून दोनदा चढतं-उतरतं. एकेकाळी इथपर्यंत गलबतं यायची. आता खाडीच्या गाळावर मगरी ऊन खात पडलेल्या असतात आणि पर्यटक होडीतून त्यांचे फोटो काढतात. नदी कुठं संपते आणि खाडी कुठं सुरू होते, याची रेघ इथं रोज हलते.

या गावच्या पातळीत तीन ठिकाणचं पाणी मिसळतं.

पहिलं आकाशाचं. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. ऐकायला काहीच नाही. पण शंभर चौरस किलोमीटरच्या डोंगरउतारावर शंभर मिलिमीटर पडला तर तो होतो एक हजार कोटी लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे दहा लाख टँकर. कोकणात तो काही तासांत पडतो, आणि सगळा एकाच पात्राकडं धावतो. महसूल खातं एखाद्या मंडळात दिवसाला ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की त्याला अतिवृष्टी म्हणतं. चिपळूणसारख्या गावात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो, तेव्हा अतिवृष्टी हा शब्द तिथं जरा थकूनच येतो.

पूर्वी पावसाचा आकडा सकाळी साडेआठला मोजपात्रातून काढत, आणि अधिकृत दिवस अजूनही साडेआठ ते साडेआठ असाच असतो. पाणी मात्र पहाटे तीनला दारात येतं. ही फट भरायला स्वयंचलित पर्जन्यमापक आले. त्यातलं एक फार गमतीदार आहे. नरसाळ्याखाली तराजूच्या दोन पारड्यांसारख्या दोन इवल्या वाट्या. एक वाटी ठरावीक थेंबांनी भरली की तोल जाऊन कलंडते, पाणी सांडते आणि दुसरी वाटी वर येते. प्रत्येक कलंडीला एक टिक. त्या टिकटिकीचा वेग म्हणजे पावसाचा वेग. रात्रभर झोपेत आपण पत्र्यावर ऐकतो तेच हे यंत्रही ऐकतं, फक्त ते मोजून ठेवतं.

दुसरं पाणी डोंगरापलीकडचं, आणि चिपळूणची खरी नवलाई इथं आहे. कोयना ही कृष्णेची उपनदी. तिचं पाणी स्वभावानं पूर्वेला, बंगालच्या उपसागराकडं जाणारं. पण तिच्यावरच्या १०५ टीएमसीच्या शिवसागर जलाशयातलं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला वळवलं, जवळजवळ पाचशे मीटर खाली टाकलं, त्यावर वीज केली. ते पुढं कोळकेवाडी धरणात येतं, तिथून पुन्हा वीजघरातून जाऊन अवजलाच्या कालव्यानं वाशिष्ठीला मिळतं. वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीपर्यंत पाणी असं पश्चिमेला वळवायची मुभा आहे. त्यामुळं मे महिन्यात कोकणातल्या कितीतरी नद्यांत नुसते धोंडे उरतात तेव्हाही वाशिष्ठी वाहत असते. मुंबईत पंखा फिरतो आणि चिपळूणला नदी. कुंडलिकेचंही असंच आहे. भिऱ्याच्या वीजघरातून येणाऱ्या पाण्यावर कोलाडचं राफ्टिंग चालतं. पावसाळ्यात मात्र हे पाहुणं पाणी हिशेबात धरावं लागतं. पट्टी वाचणाऱ्याला आकाशाबरोबर वीजघराचं वेळापत्रकही ठाऊक असावं लागतं.

तिसरं पाणी चंद्राचं.

तीथ कोणती?

कोकणातल्या जुन्या तांडेलाला विचारा, ‘बाबा, आज भरती किती वाजता?’ तो घड्याळ बघणार नाही. तो उलट विचारेल, ‘आज तीथ कोणती?’ तुम्ही म्हणालात चतुर्थी, की तो म्हणेल तीन वाजता. अष्टमी म्हणालात, तर सहा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. दिवसाही तीच, रात्रीही साधारण तीच. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, गणित एकच.

हे कसं जमतं? चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि भरती त्याच्यामागून चालते. पंधरा तिथींच्या पक्षात भरतीची वेळ घड्याळातला बारा तासांचा एक पूर्ण फेरा घेते. बारा तासांचे पंधरा भाग केले की एकेक भाग येतो ४८ मिनिटांचा. अचूक गुणक पाऊण नव्हे, चार पंचमांश निघतो. पण डोलकाठीजवळ उभ्या माणसाला चार पंचमांश कोण करत बसणार? पाऊणकी, निमकी, सवायकी पाठ असलेल्या पिढीनं तीन मिनिटं सोडून दिली आणि हिशेब जिभेवर ठेवला. म्हणून पौर्णिमेला पाऊणपटीनं सव्वाअकरा येतात, भरती प्रत्यक्षात बाराच्या आसपास असते. बंदरागणिकही अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं. होडी काढायला एवढं पुष्कळ झालं.

पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनात, तेव्हा भांग. उधाणात पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतंही. या आकड्यांबाबत एक गैरसमज दर पावसाळ्यात पडद्यावर येतो : ‘आज समुद्रात ४.८ मीटर उंचीच्या लाटा उसळणार.’ तो आकडा लाटांचा नसतो. बंदराच्या नकाशासाठी ठरवलेल्या शून्यापासून भरतीचं पाणी किती वर येईल, त्याची ती उंची. समुद्र शांत असला तरी ४.८ च राहील. पुन्हा तेच, शून्य कुठं आहे ते विचारलं नाही की आकडा फसवतो.

समुद्राची ही उंची गावापर्यंत पोचायला वेळ लागतो. भरती ही एक फार लांब लाट असते आणि उथळ पाण्यात तिचा वेग खोलीवर ठरतो. पाच मीटर खोल खाडीत ती ताशी पंचवीस किलोमीटरच्या आसपास चालते. म्हणजे दाभोळच्या तोंडावर भरती लागली की चाळीस किलोमीटर आत यायला तिला दीड-दोन तास हवेत. समोरून पुराचा लोंढा येत असेल तर जास्तच. भरती पूर आणत नाही. ती खालून दार लोटून धरते, आणि वरून येणारं पाणी त्या दाराशी ताटकळतं. ताटकळलेलं पाणी बाजारपेठेत शिरतं.

२२ जुलै २०२१

त्या आठवड्यातला मंगळवार आषाढी एकादशीचा होता, २० जुलै. गुरुवारी २२ तारखेला त्रयोदशी. तेरा गुणिले पाऊण : पावणेदहा. पौर्णिमा दोन दिवसांवर, म्हणजे उधाण चढतं. हे सगळं कॅलेंडरवर कित्येक महिने आधी छापलेलं होतं.

कॅलेंडरवर नव्हता तो पाऊस. घाटमाथ्यावर ढग अडकून राहिले. शेजारच्या महाबळेश्वरला २३ जुलैच्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. हवामान खातं २०४.५ मिलिमीटरपासून पुढं आपल्या शेवटच्या, सर्वांत वरच्या वर्गात टाकतं. त्याच्या पुढं शब्दच नाहीत. हा पाऊस त्याच्या जवळजवळ तिप्पट. चिपळुणात पाणी त्याआधीच, २२ च्या पहाटेच्या अंधारात चढायला लागलं होतं. सकाळपर्यंत बाजारपेठ गेली, एसटीचं आगार गेलं, लोक गच्च्यांवर आणि टपांवर जाऊन बसले. काही भागांत दहा-बारा फूट, काही ठिकाणी त्याहूनही जास्त पाणी. २६ जुलै २००५ च्या पुराची खूण ज्यांनी भिंतीवर जपली होती, त्यांच्या डोळ्यांदेखत ती पाण्याखाली गेली. १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरानं २००५ मध्ये पुस्तकं गमावली होती. सोळा वर्षांनी पाणी पुन्हा आत आलं.

नंतर बोट कुणाकडं दाखवायचं यावर खूप बोललं गेलं. पाऊस, कोळकेवाडीचं पाणी, भरती, नदीत साचलेला गाळ, गाळावर वाढलेली बेटं, भरावानं अरुंद झालेलं पात्र. गाळ काढावा म्हणून चिपळूणकर उपोषणाला बसले आणि पुढं उपसा झालाही. पट्टीच्या बाजूनं पाहिलं तर यातलं एकही कारण एकटं पुरेसं नाही. तेवढाच पाऊस ओहोटीवर, भांगाच्या दिवसांत, मोकळ्या पात्रावर पडला असता तर पट्टीनं वेगळा आकडा दाखवला असता. पूर इथं बेरजेनं येतो.

आणि ही बेरीज फार लवकर होते. कोल्हापूरची पंचगंगा इंच-इंच चढते; ‘३८ फूट ४ इंच’ ऐकून लोक संध्याकाळी बंधाऱ्यावर बघायला जातात, रात्री सामान वर चढवतात, सकाळी पाणी येतं. कोकणात डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये जागाच नाही. कुंभार्ली घाटाचा माथा चिपळूणहून तासाभराच्या गाडीवाटेवर. माथ्यावर पडलेला थेंब गावात यायला काही तास घेतो, आणि त्या काही तासांतच त्याला मोजायचं, कळवायचं, ऐकायचं, विश्वास ठेवायचा आणि आजीला माडीवर न्यायचं. इशारा पातळी ५ आणि धोका पातळी ७ यांच्यामधल्या दोन मीटरला म्हणूनच मीटरपेक्षा मिनिटांत वाचायला हवं. पाणी तासाला वीस सेंटिमीटर चढत असेल तर हातात दहा तास आहेत. तासाला एक मीटर चढत असेल तर दोन. दोन्ही वेळा व्हॉट्सॲपवरचा आकडा सारखाच, ५ मीटर.

शंभर वर्षांतून एकदा, म्हणजे कधी?

पूरग्रस्त गावांच्या नकाशावर दोन रेषा असतात. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या ‘एकदा’नं जेवढा घोळ घातलाय तेवढा क्वचितच दुसऱ्या शब्दानं घातला असेल. आजोबांच्या काळात येऊन गेला, आता नातवाच्या काळात येईल, असा त्याचा अर्थ आपण लावतो. गणिताचा अर्थ निराळा : दरवर्षी शंभरात एक शक्यता. यंदा आला म्हणून पुढच्या वर्षी ती कमी होत नाही. फासा मागचं दान लक्षात ठेवत नाही.

याच हिशेबानं लाल रेषेवर घर घेतलं आणि तीस वर्षांचं गृहकर्ज काढलं, तर कर्ज फिटेपर्यंत एकदा तरी तो पूर घरात येण्याची शक्यता सव्वीस टक्के, म्हणजे चारातून एक. निळ्या रेषेवर सत्तर टक्के. बँक हप्ता ठरवताना पगार पाहते. खरं तर पट्टीही पाहायला हवी. त्यात पात्र गाळानं भरलं, काठावर भराव पडला, समुद्र वर्षाकाठी काही मिलिमीटर चढला, की कागदावरची रेषा तिथंच राहते आणि पाण्याची रेषा वर सरकते.

तुमचा आकडा

एवढं सगळं कळल्यावरही एक आकडा कुठल्याच तक्त्यात मिळत नाही, आणि काठावर राहणाऱ्याला सर्वांत गरज त्याचीच असते. तुमच्या उंबरठ्याला पाणी लागतं तेव्हा पुलावरची पट्टी किती दाखवते? धोका पातळी ही गावाची असते. तुमच्या घराला ती लागू असेलच असं नाही. उताराखालच्या आळीत साडेसहाला पाणी येईल, चढावरच्या घराला आठलाही नाही.

तो आकडा काढता येतो. पुढच्या वेळी पाणी अंगणात येईल तेव्हा वेळ लिहून ठेवा आणि त्या वेळची पट्टीवरची पातळी विचारून घ्या. म्हाताऱ्या शेजाऱ्यांना २००५ ची आणि २०२१ ची खूण दाखवायला सांगा, टेप लावा, उंबरठ्यापासूनचं अंतर मोजा. जे येईल ते दाराच्या आतल्या बाजूला, वीजमीटरशेजारी, ठळक लिहा. मग जून ते सप्टेंबर कॅलेंडरवर पौर्णिमा आणि अमावास्या यांना, आणि प्रत्येकीच्या दोन दिवस अलीकडं-पलीकडं, लाल गोल करा. त्या दिवसांची पाऊणपट बाजूला मांडा, आणि खाडीतून गावापर्यंतचे दीड-दोन तास तीत मिळवा. तक्ता आला की आधी आपला आकडा पाहा, मग तास पाहा, मग तीथ.

मुलांनाही शिकवा. पाऊणकी आता शाळेत शिकवत नाहीत, पण तेरा गुणिले पाऊण त्यांना यायलाच हवं.